नळाचं मत

दुपारी अडीचला म्युनिसिपालिटीचा शिपाई गंगाधर टांगा घेऊन गल्लीत आला. म्युनिसिपालिटीच्या मेंबर यशोदाबाई सुईणही होत्या; त्या राजाबाईंच्या सुनेचं बाळंतपण करीत होत्या. शेजारच्या आमच्या ओट्यावर त्यांच्या दाराबाहेरचं बोलणं ऐकू येत होतं.

“राजाबाई, तीनला मीटिंग हाय. तुमच्या गल्लीच्या नव्या नळाला सात मतं व्हय, सात न्हाय. बाईंचं मत पायजे!”

“माज्या सुनेला मधीच सोडून?”

“मग नळ जातोय की.”

“बाई म्हणल्या, शिपाई आला की घागर द्या. पाणी संपलंय.”

“मी सरकारी माणूस हाय!”

“तर काय! फेटा सांभाळा. चौकातल्या नळावर लई रांग असती.”

पाऊण तासाने तो परतला.

“मान मोडली, राजाबाई.”

“आता सायबाला सांगा, नळ कशाला पायजे ते.”

“सांगतो की! आन् हे कोण रडतंय?”

“नात झाली! साखर खा, मग हाका टांगा!”

साडेतीनला यशोदाबाईंना घेऊन टांगा निघाला. मत पडलं का, हे पाचपर्यंत कळलं नव्हतं.