दक्षिणेचं दार

नाई, देवानंद, तीनचाकीले हात लावू नको. ब्रेक लावून ठेवला हाये मी. काय म्हणते तुहा साहेब — पुढच्या पायऱ्यायनं या, दोघं जण उचलून नेतीन? मंग हा रॅम्प कोणासाठी बांधला, बकऱ्यायसाठी? अमरावतीहून पाहुणे आले, फीत कापली, पेढे वाटले, आमी टाळ्या वाजवल्या — आन् नवा साहेब आला त त्याले म्हणे रॅम्पवरचं हे दक्षिणेचं दार सोसत नाई, यमाची दिशा. लावलं दार, आतून फायलीयचं कपाट टेकवलं. काहून बाप्पा, यमाले पायऱ्या चढता येत नाईत का?

सुनावणी माही हाये आज. बाजारातली कोपऱ्यावरची जागा सरकारनं अपंगायसाठी राखली, आन् तिथं धडधाकट माणूस टपरी टाकून बसला. मी कुठं बसू भाजी घेऊन, नालीवर? पुकाऱ्याले आत नसली त फाईल बंद होते, मालूम हाये मले. — साहेब खाली येऊन सही घेतीन? लय उपकार. आज माह्यासाठी उतरतीन, उद्या दुसऱ्यासाठी उतरतीन का? कायदा हाये, देवानंद. दया नाई मांगून राहिली मी.

आन् उचलाचं त नावच काढू नको. मांगच्या टायमाले तूच उचललं होतं ना — तू आन् नत्थुजीनं? तुह्या मनात पाप नव्हतं. पण लुगडं गुडघ्याच्या वर सरकलं, दोन्ही हात तुमच्या खांद्यायवर, मी झाकू कशानं? सारी कचेरी पाहून राहिली होती. कोणी हासलं नाई, खोटं काहून बोलू — साऱ्यायनं मान फिरवली. ते हासण्याहून वाईट. हे पाय मी माह्या नवऱ्यालेई कधी उजेडात पाहू देल्ले नाईत, तो मरेपर्यंत नाई, आन् तिथं भर दुपारी, चहावाल्यापासून साऱ्यायनं...

हे काहून सांगून राहिली मी तुले? मान वर कर. तुले बोल लावत नाई मी.

जाय, पुकारा होऊन राहिला, आयकू येते मले इथवर. साहेबाले सांगजो, माणिकबाई हजर हाये, दारातच हाये. कपाट सरकवाचं त सरकवा, नाई त नका सरकवू, मी हालत नाई. पण कागदावर 'गैरहजर' लिहू नका म्हणा. 'दार बंद होतं' असं लिहा, आन् खाली सही करा. जाय आता.