सोफा घेतला, बसणाऱ्याला विचारलंच नाही

रामकृष्ण हरी! मंडळी, जरा पुढं सरका. मागचे अजून चपलांपाशी उभे आहेत. सरका, सरका… देवाच्या दारात ऐसपैस बसायचं नसतं, ते घरी!

हां, तर आजचा प्रश्न. माणसाची पारख कधी करावी? तो गोड बोलतो तेव्हा? छे! गोड बोलायला जीभ लागते, ती सगळ्यांना आहे! मग कधी? त्याचं काम झालं, त्याला असलेली आपली गरज संपली, आणि आता आपणच कुठं अडलो — तेव्हा तो वळून बघतो का? तेव्हा! आता हे नुसतं सांगून पटायचं नाही. तुम्हाला गोष्ट पाहिजे. मग ऐका.

फलटणला श्रीरंग भोईटे नावाचे गृहस्थ. बँकेत नोकरी, निर्व्यसनी, देवभोळे. खोड एकच — आपल्याला सगळं कळतं! …का हो? बायका एकदम पुरुषांच्या बाजूला का बघायला लागल्या? मी फलटणचं सांगतोय!

घरात बायको शैला आणि वडील आप्पा. आप्पा शाळेत कवायतीचे मास्तर होते. अख्ख्या गावाला उठाबशा काढायला लावलेला माणूस! आता म्हातारपणी गुडघ्यांनी त्यांनाच शिक्षा केलेली. बाहेरच्या खोलीत एक लाकडी बाकडं होतं, चांगलं उंच. संध्याकाळी त्यावर आप्पा आणि त्यांचे मित्र नाना गुरव पेपर वाचत बसायचे. वाचायचे कमी, भांडायचे जास्त. पण त्या भांडणावर म्हाताऱ्याचा दिवस जायचा!

एक दिवस श्रीरंगानं मित्राच्या घरी सोफा बघितला. झालं! घरी येऊन म्हणतो, "शैला, ते बाकडं काढ. एसटी स्टँडावर बसल्यासारखं वाटतंय!"

शैला म्हणाली, "घेऊ की. पण आप्पांना घेऊन जाऊ दुकानात."

"त्यांना कशाला? त्यांना काय कळतंय सोफ्यातलं?"

बघा मंडळी! दिवसभर बसणार कोण? आप्पा! आणि विचारायचं नाही कुणाला? आप्पांना! अहो, चप्पल घेताना सुद्धा पाय बरोबर नेतो आपण!

गेले दोघं. दुकानाचं नाव सांगत नाही, देवळात कुणाची निंदा नको. काचेचं दार, आत गारेगार हवा. टाय लावलेला विक्रेता धावत आला — "या साहेब, या! किती दिवसांनी!" श्रीरंग पहिल्यांदाच आलेला, बरं का! पण फुलला की! समोर सरबत आलं. पाठीला उशी आली. आणि सोफा? लालभडक, लोण्यासारखा मऊ. बसला की माणूस निम्मा दिसेनासा!

शैला म्हणाली, "अहो, जरा उलटा करून बघू या का? खालून लाकूड कसलं आहे ते."

विक्रेता हसला. "वहिनी, सोफा बसायला असतो, उलटा करायला नाही!"

श्रीरंगही हसला. बायकोला हसायचं म्हटलं की आपली लोकं लगेच तयार! शैला हळूच म्हणाली, "फार खाली जातोय हो. आप्पांना उठताना—"

"होईल सवय!"

काळजी काय, काही लागलं तर एक फोन करा साहेब, माणूस दारात हजर — असं विक्रेत्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. सोफा ठरला!

सोफा घरी आला. बाकडं भंगारात गेलं. श्रीरंगानं आप्पांना धरून मधोमध बसवलं. "आप्पा, मस्त आहे ना?" आणि उत्तर यायच्या आत फोटो काढायला लागला. मंडळी, "मस्त आहे ना?" हे विचारणं आहे का? हे तर सांगणं झालं!

फोटो झाले. श्रीरंग बाहेर गेला. आप्पा उठायला गेले — उठवेना. हात टेकला, कापडावरून घसरला. परत जोर केला, परत आत. ज्यानं चार पिढ्यांना "सावधान" शिकवलं, तो माणूस मऊ गादीत उताणा पडलाय! शैला पदराला हात पुसत आली, तिनं दोन्ही हात देऊन उठवलं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, "शैला, श्रीरंगाला बोलू नकोस हं. हौसेनं आणलाय पोरानं."

विठ्ठल विठ्ठल! ऐका हो, बाप कसा असतो!

मग आप्पा मागच्या पडवीत बसायला लागले, लोखंडी खुर्चीवर. खुर्ची शैलानंच ठेवली. नाना आले की आप्पा आतूनच सांगायचे, "आज बरं नाही रे." सोफ्यावर अडकलेलं मित्रानं बघू नये म्हणून! नाना दोन-चारदा आले. मग यायचेच थांबले. घरात सोफा आला आणि घरातला माणूस मागं गेला. श्रीरंगाला पत्ता आहे का? नाही! तो सोफ्यावर!

पण देव बघतच असतो. त्यानं पाठवलं कुणाला? मेव्हण्याला! शैलाचा भाऊ. पूर्वी कुस्ती खेळायचा. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही! "काय दाजी, नवीन सोफा?" म्हणून जो अंग टाकून बसला — कडाड्! मेव्हणा जमिनीवर, पाय वर!

सोफा उलटा केला. खालचं काळं कापड फाटलेलं. आत बघतात तर गाठीगाठीचं कच्चं लाकूड, तुकड्याला तुकडा जोडलेला, वर पातळ पट्ट्या. शैला काही बोलली नाही. मंडळी, बायको बोलते तेव्हा घाबरू नका. बोलत नाही, तेव्हा घाबरा!

श्रीरंगानं फोन लावला. "मी भोईटे बोलतोय."

"कोण भोईटे?"

तोच माणूस! किती दिवसांनी, म्हणणारा! मग श्रीरंग तणतणत दुकानात गेला. विक्रेता मोबाईलमधून मान वर काढेना. म्हणतो, "वॉरंटी आहे, पण वापरात मोडला तर नाही."

"वापरात म्हणजे?"

"म्हणजे… बसल्यामुळं."

"अहो, सोफ्यावर बसायचं नाही तर काय पूजा करायची?"

"ते तुम्ही कंपनीशी बोला," म्हणाला, आणि दुसरं गिऱ्हाईक दारात दिसलं तसा धावला — "या साहेब, या!"

श्रीरंग घरी आला तो लाल होऊन. ओरडतोय, "ही काय रीत झाली? विकून झालं की संपलं! माल घरी गेल्यावर माणूस त्यावर बसतोय का पडतोय, एकदा तरी विचारायला नको?"

शैलानं इतके दिवस शब्द पाळला होता. पण आता राहवलं नाही. म्हणाली, "तुम्ही विचारलंत?"

"कुणाला?"

तिनं पडवीकडं बघितलं फक्त.

श्रीरंग पडवीत गेला. आप्पा लोखंडी खुर्चीवर, पेपर मांडीवर, एकटे. "आप्पा, तुम्ही इथं का बसता?"

"वारा लागतो."

"खरं सांगा."

आप्पांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "तुझ्या सोफ्यावरनं उठता येत नाही रे मला."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलंस कुठं? मस्त आहे ना, म्हणालास."

मंडळी, श्रीरंग तिथंच फरशीवर बसला. त्या विक्रेत्याला दिलेल्या सगळ्या शिव्या फिरून घरी आल्या की हो! त्यानं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दुखतो का?" आप्पा म्हणाले, "आत्ता कमी आहे."

पुढच्या सुट्टीला तिघं निघाले. हो, तिघं! इस्माईलभाई मुलाणींच्या दुकानात. छोटं दुकान, काच नाही, सरबत नाही. इस्माईलभाई श्रीरंगाशी बोललेच नाहीत. विचारलं, "बसणार कोण?" आप्पांना म्हणाले, "मास्तर, बसा. आता उठा." पहिल्यावरनं उठवेना. "हा तुमचा नव्हे," म्हणून बाजूला! दुसरा जरा उंच, हात टेकायला रुंद कडा. आप्पा उठले!

श्रीरंगाची घाई — "हाच द्या!"

"थांबा हो साहेब. आत्ता ताज्या दमात उठलेत. चहा होऊ दे, मग परत उठू दे." शैला वाकून खाली बघायला लागली तर म्हणतात, "वहिनी, थांबा, मीच उलटा करतो." केला! लाकूड दाखवलं, सांधे हलवून दाखवले, उशीचे अभ्रे काढून दाखवले.

तुम्ही म्हणाल, झालं, सुखी झाले. नाही! तो सोफा घरी आला आणि एका पायानं डुगडुगायला लागला! आली का पंचाईत? श्रीरंगानं भीतभीत फोन लावला. "मी भोईटे…"

"मास्तरांचा सोफा ना? काय झालं? येतो."

आले की स्वतः, जेवणाच्या आधी! पाय काढला, नीट बसवला. "चूक आमची," म्हणाले. आणि लगेच गेले का? नाही. "मास्तर, बसा. आता उठा." आप्पा कुणाचा हात न धरता उठले, तेव्हा इस्माईलभाईंनी पिशवी उचलली. चूक कुणाची होत नाही? चुकल्यावर जो आपल्या दारात येतो, त्याचा माल चांगला!

संध्याकाळी श्रीरंग स्वतः जाऊन नाना गुरवांना घेऊन आला. थोड्या वेळानं आतून आवाज — "अरे नान्या, तुला पेपर तरी वाचता येतो का!" शैला स्वयंपाकघरात हसली.

आता मंडळी, तुमच्याकडं वळतो. सुटलो म्हणू नका! लग्न ठरताना काय गोड बोलणं होतं! "अहो, तुम्ही जेवलात का?" आणि आता? ती विचारते, मीठ बरोबर आहे का, तर वर बघत नाही! नोकरी लागेपर्यंत "आई, आई", आणि आता आईचा फोन आला की "मीटिंगमध्ये आहे"! दुकानदाराला नावं ठेवताना आपलं तोंड थकत नाही. मग घरच्या माणसाला कधी विचारलंय, कुठं टोचतंय का? आणि विचारून उत्तर येईपर्यंत थांबलाय का?

उद्या करू, असं म्हणू नका. आत्ता आरती आहे. सगळ्यांना उभं राहायचंय. थांबा! घाई नको! उठायच्या आधी शेजारी बघा. कुणाचे गुडघे दुखत असतील, कुणाला हात लागत असेल. विचारा त्यांना. द्या हात. …हां. ते खांबापाशी आजोबा आहेत ना, त्यांना द्या कुणीतरी. सावकाश. ते उठू देत. देव थांबलाय.

उठले? आता वाजवा टाळ!