ऑझेला पिंकनीसाठी उभा राहिलेला जमाव

मी, व्हर्नेल गॅडस्डेन, वय ७४ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त शिक्षिका (रसायनशास्त्र), रा. मिल स्ट्रीट, बेथल क्रीक, साउथ कॅरोलिना, आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की,

ऑझेला पिंकनी, वय ७९, ही माझी शेजारीण. चर्चमध्ये आम्ही एकाच बाकावर बसतो. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा पहिला झटका आला. तेव्हा इस्पितळात "आजी, किती घेतलीत?" असे विचारून तिला खुर्चीवर बसवून ठेवले. तिने जन्मात दारूला हात लावलेला नाही. त्याच महिन्यात औषध दुकानाचे मालक श्री. हॅस्केल यांना तसाच झटका आला. ते गोरे आहेत, आम्ही काळे. त्यांना गेल्या गेल्या आत घेतले. ते आता गोल्फ खेळतात. ऑझेला काठीवर चालते. दुसऱ्या झटक्यातून आमच्या चर्चमधले कोणी घरी परतल्याचे मला आठवत नाही.

काल रविवारी चर्चमध्ये गाणे रंगात असताना ऑझेला बाकावरून घसरली. आमच्याकडे गाताना माणसाच्या अंगात पवित्र आत्मा येतो व माणूस पडतो. अशा वेळी स्वयंसेविका त्याच्यावर पांढरे कापड टाकतात, वारा घालतात आणि थांबतात. कालही तसेच केले. मी उठले, तेव्हा चर्चचा कारभार पाहणारे डीकन थॅडियस मूझन म्हणाले, "बसा हो सिस्टर! देवाचं काम चाललंय, तुमचा वर्ग नाही हा."

मी म्हणाले, "देव अर्धंच तोंड वाकडं करत नाही, थॅड. बघ तिच्याकडे."

त्यांनी पाहिले. मग त्यांनीच तिला उचलून माझ्या गाडीत ठेवले.

इस्पितळाच्या खिडकीत बसलेल्या मुलीने चाकाच्या खुर्चीकडे न पाहता थांबायला सांगितले. हा दुसरा झटका आहे, उशीर झाला तर ती जाईल, असे मी सांगितले. ती म्हणाली, "सगळ्यांनाच घाई असते, बाई."

मी मागे वळले, तर दारातून अख्खे चर्च आत येत होते. महिन्याचा पहिला रविवार असल्याने आमच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या बायका पांढऱ्या कपड्यांत होत्या. कोणी काठी टेकत, कोणी वॉकर सरकवत. सर्व जण भिंतीला लागून उभे राहिले. इस्पितळाचा सुरक्षारक्षक तक्रारीत म्हणतो तसा दरवाजा कोणीही अडवला नाही.

डीकन मूझन यांनी जुन्या स्तोत्राची एक ओळ सांगितली. बाकीच्यांनी ती वाद्यांशिवाय, आमच्या पद्धतीने लांबवत उचलली. ही पद्धत मी जन्मापासून ऐकत आले आहे. अशी कधी ऐकली नव्हती. खिडकीची काच थरथरत होती. जिला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते, ती ऑझेला खुर्चीतून गात होती, आणि शब्द न् शब्द स्पष्ट होता. बोलणे गेले तरी गाणे मेंदूच्या दुसऱ्या बाजूने येऊ शकते, असे डॉक्टरांनी मला नंतर समजावले. कारण कळले, तरी अंगावरचा काटा गेला नाही.

आवाज ऐकून एक तरुण डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी ऑझेलाचा चेहरा पाहिला आणि खुर्ची स्वतः ढकलत आत नेली. इंजेक्शन वेळेत मिळाले. आज सकाळी ऑझेला मला तुटक तुटक म्हणाली, "थॅड... काल पण... बेसूर." डॉक्टर म्हणतात, ती घरी जाईल.

ही प्रार्थना कोणी घडवली, असे मला विचारण्यात आले. मी घडवली नाही. मला सांगता येईल असे कोणाचेही नाव नाही. पुन्हा अशी प्रार्थना करणार नाही, असे लिहून देण्यास मी नकार देते.

हा जबाब मला वाचून दाखवला व मी तो चष्मा लावून स्वतःही वाचला. त्यात दोन ठिकाणी 'दंगा' लिहिले होते. ते खोडून दोन्ही ठिकाणी 'प्रार्थना' लिहायला लावले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.