आमदारांचं वर्षातलं एकमेव भाषण

अरे, आमच्या आमदारांचं ऐका. धुळ्याजवळच्या आमच्या गावात सभेला आले आणि म्हणाले, "वर्षभर विधानसभेत तुमच्यासाठी घसा कोरडा केला!"

शेजारच्या सखूअक्का उठल्या. त्यांची सून डॉक्टरअभावी सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बाळंत झालेली. "भाऊ, काय बोलनात तठे विधानसभेत?"

विधानसभेचं कामकाज मोबाइलवर बघत बसणारे आमचे निवृत्त मास्तर म्हणाले, "मी सांगतो. साहेब मागच्या बाकावरून एकदाच उठले. म्हणाले, अध्यक्ष महोदय, एसी कमी करा, थंडी वाजते."

सगळे हसले. अक्का मात्र हसल्या नाहीत. "मंग व्हयना का कमी?"

"हो, लगेच झाला," आमदार बोलून गेले.

"म्हंजे तठे तुमनं आयकतस! मंग आमना डॉक्टर का बरं नही मांगा?"