सोनकांबळे मॅडमचं शेवटच्या पानावरचं मत

मंडळी, जय भीम. नमस्कार.

खुर्च्या कमी पडल्या, माफ करा. आपल्या वाचनालयात एवढी माणसं एकदम येतील असं कधी वाटलं नव्हतं. मागं जे उभे आहेत त्यांनी कपाटाला टेकू नये, ते डुलतं.

मी दिगंबर, इथला ग्रंथपाल. मला बोलायची सवय नाही. माझं काम बोलणाऱ्याला गप्प बसवायचं. भिंतीवर ती पाटी बघा, 'शांतता राखा'. मीच रंगवून घेतली. कुणासाठी घेतली ते अख्ख्या अहमदपूरला माहीत आहे. आज मॅडमचा फोटो त्या पाटीखालीच लागलाय. मुद्दाम नाही, खिळा तिथंच होता.

मी चार ओळी लिहून आणल्या होत्या. ज्ञानाचा दिवा मालवला, असं काहीतरी. खिशात आहेत. पण पुस्तकात असलं वाक्य आलं की मॅडम त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून लिहायच्या, 'बरं, पुढं?' तेव्हा मी साधंच बोलतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विमल सोनकांबळे मॅडम किनवटला मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका होत्या. सगळी नोकरी तिकडंच झाली. लग्न केलं नाही. रिटायर झाल्या, आपल्या गावाला परत आल्या आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मी अदबीनं थोरामोठ्यांच्या चरित्रांचं कपाट उघडलं. म्हणाल्या, "हे लई वाचलं. प्रेमाचं नवीन काय हाय? आन् ते उडणारे घोडे, जादूचे राजवाडे, तसलं काय हाय का?"

मी म्हणालो, "मॅडम, ते पोरंसोरं वाचतात."

"मग वसतिगृहातल्या पोरींना इचारूनच आलेय," म्हणाल्या. "काढा."

तेव्हापासून दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी. प्रेमाची एक, जादूची एक. परत येताना पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मत लिहिलेलं असायचं. आणि मताखाली शेरा. शेरे दोनच. 'कपाटात ठेवा', नाहीतर 'पुढच्याला द्या'. तिसरा शेरा मी कधी पाहिला नाही.

त्यातली काही मतं मला पाठ आहेत. हसू आलं तर हसा, मॅडम काही म्हणायच्या नाहीत.

एका कादंबरीत चारशे वर्षांचा राजपुत्र एकोणीस वर्षांच्या पोरीच्या प्रेमात पडतो. मॅडमनी लिहिलं, 'चारशे वर्षं घरच्यांनी काय केलं? एकही स्थळ जमलं नाही म्हणजे मुलात खोट असणार. चौकशी करावी. कपाटात ठेवा.'

एकीत दहा हजारांचं सैन्य बर्फाच्या डोंगरातून सहा महिने चालतं. मत असं, 'मी दीडशे पोरींना जेवू घालत होते. सकाळी पोहे करायचे तर आदल्या दिवशीपासून तयारी. ह्या सैन्यात एक आचारी नाही. ड्रॅगन बारा आहेत. ते काय खातात? लीद कोण काढतं? लेखकानं एकदा मुदपाकखान्यात जाऊन यावं.'

आणि ती एक, लई गाजलेली. दोघांचं अजिबात पटत नाही, प्रवासात पाऊस लागतो, लॉजमध्ये खोली एकच, पलंग एकच. आमच्या कॉलेजच्या पोरींनी ते पान वाचून वाचून मऊ केलं होतं. मॅडमनी काय लिहावं? 'मॅनेजरला जादा गादी मागायला काय झालं होतं?'

सांगा बरं. सगळ्या जगाचा श्वास अडकलाय आणि ह्या गादी मागून राहिल्या.

पण मंडळी, मॅडम प्रेमाच्या विरोधात नव्हत्या. त्यांची परीक्षा वेगळी होती. मी एकदा विचारलं, "मॅडम, तुम्हाला हिरो पसंत तरी कसा पडतो?" हे बोलणं इथंच झालं, पाटीखाली, मोठ्या आवाजात. म्हणाल्या, "दिगंबरा, माझ्या पोरी सुट्टीवरून उशिरा यायच्या. गाडी चुकायची, जंगलातली गावं. मी त्यांचं ताट झाकून ठेवायची. कुणी आली का न्हाई बघायला फाटकापर्यंत जायची. आता हा हिरो बघ. तिच्यासाठी तलवार घेऊन राज्य जाळतो. पण तिला उशीर झाला तर ताट झाकून ठेवतो का? तेवढं मला सांग."

मी म्हणालो, "तसं पुस्तकात लिहीत नाहीत."

"मग लिहायला पाहिजे."

हे वाक्य लक्षात ठेवा. ह्याच्यापायी मी एक उद्योग करून बसलोय. तो सांगतोच. पण त्याच्याआधी एक गुन्हा कबूल करायचाय.

आपल्या वाचनालयाची तपासणी होती. अध्यक्ष म्हणाले, पुस्तकं स्वच्छ पाहिजेत, पानांवर खाडाखोड नको. मी खोडरबर घेऊन बसलो. तीन दिवस. एकेक पुस्तक काढून मॅडमची मतं खोडली. खोडताना वाचत होतो, हसत होतो, आणि खोडत होतो. असला माणूस मी.

तपासणीचे साहेब आले. हाताला लागलं ते पुस्तक उचललं, आणि नेमकं ते माझ्या नजरेतून सुटलेलं. शेवटचं पान वाचलं. खुर्ची ओढून बसले. मला म्हणाले, "बाकीची कुठं आहेत?" टेबलावर रबराचा चुरा पडला होता, तो मी झटकला.

मंगळवारी मॅडम आल्या. एक पुस्तक उघडलं, शेवटचं पान बघितलं. दुसरं उघडलं. तिसरं. माझ्याकडं बघितलं. ज्या बाईला गप्प करण्यासाठी मी पाटी रंगवून घेतली, ती बाई एक शब्द बोलली नाही. पुस्तक न घेता गेली.

शुक्रवारी आल्या नाहीत. पुढच्या मंगळवारीही नाही. इकडं सभासद येऊन शेवटचं पान उघडायचे आणि मला विचारायचे, मॅडमचं मत कुठाय? आपल्याकडं कुणी पुस्तकाची पहिली ओळ वाचून घेतच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आपले गोविंदराव बसलेत समोर. त्यांनी अंदाजानं एक जाड कादंबरी नेली. तीन भाग वाचले, लग्न काही झालं नाही. भांडायला माझ्याकडं आले. होय का नाही, गोविंदराव?

शेवटी मी मॅडमच्या घरी गेलो. माफी मागितली. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, "पेन्सिलीनं लिहिलेलं खोडलं जातंच. चूक माझी हाय." एवढंच. परत यायला लागल्या, नवी मतं लिहायला लागल्या. पण जुनी गेली ती गेली. ती मीच घालवली. हे मला बोलायचं होतं, मॅडमच्या समोर. आता फोटोसमोर बोलून राहिलो.

आता तो उद्योग. बायकोला माहीत आहे, बाकी कुणाला नाही. मी एक कादंबरी लिहिली. हसू नका. 'धबधब्याच्या अलीकडे'. प्रेमकथा आहे. लातूरला थोड्या प्रती छापून घेतल्या आणि लेखिकेचं नाव टाकलं 'मृदुला'. नव्या पुस्तकांत ती गुपचूप ठेवली आणि मॅडमला म्हणालो, "ही एक नवीन बाई लिहून राहिलीय, बघा बरं."

त्यांनी नेली. तो शुक्रवार होता. मी मंगळवारची वाट बघत होतो. दहावीच्या निकालाची एवढी बघितली नव्हती. मंगळवारी त्या आल्या नाहीत. दुपारी उज्ज्वलाचा फोन आला.

उज्ज्वला ही इथं पुढं बसलीय. इस्लापूरकडची. मॅडमच्या वसतिगृहात वाढली, आता आपल्या दवाखान्यात नर्स आहे, मॅडमकडंच राहायची. मॅडमची लेकच म्हणा. मघाशी तिनं ही पिशवी माझ्या हातात दिली. आत पुस्तक. मी विचारलं, "लिहिलंय का काही?" ती म्हणाली, "मी उघडलं न्हाई सर. मॅडम म्हणाल्या होत्या, सरलाच दे."

मीही अजून उघडलं नाही. एकट्यानं उघडायची हिंमत नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांसमोर उघडतो. चष्मा लावतो. थांबा.

हं. लिहिलंय. पानभर लिहिलंय.

'लेखिका बाई नाही. ओल्या साडीत कुठलीच बाई एवढं लांब भाषण करत नाही. आधी साडी पिळते.

'नायक-नायिका मे महिन्यात सहस्रकुंडाच्या धबधब्यात चिंब भिजतात. मे महिन्यात तिथं दगड असतात. मी पोरींची सहल नेऊन दोनदा फसले आहे. लेखक कधी तिकडं गेलेला नाही. त्यानं जाऊन यावं, उज्ज्वलाला बरोबर न्यावं, ती तिकडचीच आहे, दाखवेल.

'पान एकशे बारा. तिला उशीर होतो. नायक काही बोलत नाही, ताट झाकून ठेवतो आणि फाटकापर्यंत जाऊन येतो. हे कुठून घेतलं ते मला माहीत आहे.'

थांबा. पाणी द्या कुणीतरी.

हं. 'हे कुठून घेतलं ते मला माहीत आहे. बरोबर घेतलं आहे. पुढच्याला द्या.'

खाली अजून एक ओळ आहे. मंडळी, हे पेन्सिलीचं नाही. निळ्या पेनानं लिहिलंय, दाबून. मागच्या पानावर उमटलंय.

'दिगंबरा, आता खोडून दाखव.'

मॅडम, नाही खोडत.

मंडळी, मी संपवतो. हे पुस्तक ज्याला पाहिजे त्यानं सभा झाल्यावर नाव लिहून न्यावं. शेवटचं पान आधी वाचायला मनाई नाही.

आता आपण सगळे उभे राहू. मॅडम इथं येत होत्या तेवढी वर्षं मी त्यांना ह्या पाटीकडं बोट दाखवत आलो, आणि त्यांनी एकदाही ऐकलं नाही. ती पाटी आज आपल्यासाठी. मॅडमसाठी दोन मिनिटं शांतता राखा.