घटता पट आणि साटम मॅडम

पालकहो, टीचर्स, आणि मागे उभ्या असलेल्या मुलांनो,

कामावरून थेट आलात, काहीजण तर युनिफॉर्मवरच आलात. मला बोलायला जमेल की नाही, माहीत नाही. दहा दिवस झाले मॅडमना जाऊन. नुसतं दुःख असतं तर रडून मोकळा झालो असतो. दुःख आहेच. पण त्याहून जास्त किळस आलीय. आपली सगळ्यांची. त्यात मी पहिला.

शैलजा साटम मॅडम, आपल्या या छोट्याशा शाळेच्या हेडमिस्ट्रेस, गेल्या. सकाळी शाळेला निघताना हार्ट अटॅक आला आणि गेल्या. आत्ता माझ्या आधी बोलताना अध्यक्ष साहेब म्हणाले, मॅडमचा शब्द समितीनं कधी खाली पडू दिला नाही. अहो, काय बोलता? मी समितीचा सेक्रेटरी आहे. मीटिंगची मिनिट्स मी लिहितो. तीन वर्षं त्यांचा एकही शब्द आपण वर राहू दिलेला नाही.

पट घटतोय, हे सगळ्यांत आधी त्यांना कळलं. कसं कळलं, सांगतो. इथे आखातात आपल्यात कोणी सरळ सांगत नाही, की बाबा, आम्ही कायमचे भारतात चाललो. व्हिसा कॅन्सल झाला तरी सांगणार, सुट्टीवर चाललोय. मॅडम विचारायच्या, पुढच्या वर्षी मुलगी शाळेत आहे ना? उत्तर ठरलेलं. इन्शाल्ला, मॅडम. मग मॅडम दूध आणायच्या निमित्तानं ग्रोसरीत जायच्या आणि काचेवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचायच्या. सोफा विकणे आहे. स्टडी टेबल विकणे आहे. खालचा मोबाईल नंबर हमखास आपल्याच कुठल्यातरी पालकाचा निघायचा. मला एकदा फोन केला. "सावंत, बंक बेड विकायला काढलाय. म्हणजे आपली दोन मुलं गेली. लिहून ठेवा." मी हसलो. लिहिलं काही नाही.

आणि आपण काय करत होतो? आपण गेलेल्या मुलांची नावं रजिस्टरमध्ये तशीच ठेवत होतो. नावापुढे शेरा, सुट्टीवर. "नाव काढू नका, परत आले तर?" हे कोण म्हणालं, ते मी सांगत नाही, ते समोरच बसलेत. एक मुलगा सातवीतून गेला. परवा चिपळूणला दहावी पास झाला, त्याच्या बापानं मला पेढ्यांचा फोटो पाठवला. आपल्या शाळेत तो अजून सुट्टीवर आहे!

तो माहितीपत्रकाचा फोटो आठवतो? नववीचा वर्ग भरलेला दिसावा म्हणून आपण सातवीची पोरं उचलून नववीच्या बाकांवर बसवली. मॅडम फोटोत आल्या नाहीत. दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मुलांना खोटं कसं बसायचं ते शिकवताय." आणि आपण काय म्हणालो? मॅडम फार निगेटिव्ह आहेत.

त्या निगेटिव्ह बाईंनी एक प्लॅन केला होता. साधा होता हो! खालचे दोन दोन वर्ग एकत्र करा. नवीन खोल्या बांधू नका. आणि मोठे वर्ग, दुसऱ्या शाळेशी बोलून, सगळेच्या सगळे एकत्र तिकडे न्या, आपली बस देऊन, आपली एक टीचर सोबत देऊन. त्यांचं वाक्य मला पाठ आहे. "शाळा लहान होणार आहे. ती आपल्या हातानं, नीट लहान करू या. नाहीतर ती मुलांच्या अंगावर पडेल."

मतदान झालं. पाच जणांची समिती. पाच हात विरोधात वर गेले. हो, माझा पण. मॅडमचं बरोबर आहे, हे मला कळत होतं. तरी हात वर केला. का? अध्यक्ष साहेबांनी माझ्याकडे बघितलं म्हणून. एवढंच कारण. शरम वाटते सांगायला. घरी येऊन मिनिट्समध्ये टाईप केलं, विषय पुढील बैठकीत घेण्यात येईल. तीन वर्षं हेच वाक्य कॉपी-पेस्ट केलं. त्याच वर्षी आपण नवीन लॅबची रिबन कापली. आज त्या लॅबमध्ये जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवल्यात.

आता काय झालंय, ते ऐका. नववीत नऊ मुलं उरलीत. फिजिक्सचे सर गेले, मॅथ्सच्या टीचर गेल्या. पुढच्या वर्षी दहावी चालवता येणार नाही. नववीत बोर्डाची नोंदणी एकदा झाली, की दहावीला शाळा बदलणं किती अवघड होतं, हे इथल्या प्रत्येक आईबापाला माहीत आहे. मॅडम स्वतः गाडी काढून डोंगरापलीकडच्या त्या मोठ्या शाळेत गेल्या. एकदा नाही, चारदा. तिथले प्रिन्सिपॉल तयार झाले. नऊच्या नऊ मुलं घेतो म्हणाले. अट एकच. समितीनं या गुरुवारपर्यंत सह्यांचं पत्र द्यायचं, की आम्ही नववी बंद करतोय.

ते पत्र तीन आठवडे पडून आहे. का? लोकांत चुकीचा मेसेज जाईल म्हणून. मॅडम शेवटच्या आठवड्यात मला रोज फोन करायच्या. "सावंत, सही झाली?" मी म्हणायचो, होईल मॅडम, यल्ला, चला, होईल. शेवटच्या फोनवर म्हणाल्या, "तुमच्या 'होईल'वर मी नऊ मुलं सोडू?"

आणि काल नववीतली एक मुलगी मला गेटवर भेटली. "अंकल, आर वी स्टेइंग ऑर गोइंग?" मी काय म्हणालो असेन? "लेट्स सी, बेटा." मॅडम जाऊन नऊ दिवस झाले होते, आणि तरीही माझ्या तोंडून हेच निघालं.

अध्यक्ष साहेब, खुणा करू नका. शोकसभेत हे बोलायचं नसतं, मला कळतं. मग कुठे बोलायचं? मीटिंगमध्ये?

ते पत्र मी आणलंय. मॅडमच्या फोटोसमोर ठेवलंय. माझी सही आज दुपारी केली. चार बाकी आहेत.

आता श्रद्धांजलीसाठी एक मिनिट शांत उभं राहायचं आहे. पालकांनी उठावं. टीचर्सनी उठावं. मुलं उभीच आहेत. समितीच्या चौघांनी मात्र उठून लगेच हात जोडू नयेत. आधी पुढे यावं, सही करावी, आणि मग उभं राहावं. तोपर्यंत ते मिनिट सुरू होणार नाही.

मॅडम, नमस्कार करतो. सावकाश या, अध्यक्ष साहेब. आम्ही सगळे थांबलोय. पेन इथं आहे.