चाळिसाव्या दिवसाचं न्हाणं

— नाही हो ताई, ही ऊन झऱ्याची न्हाणी आज नाही उघडणार. चावी? चावी माझ्याच कमरेला आहे, आमच्याच घराकडं असते ती, पण म्हणून काय झालं? बसा त्या खांबावर, रोमन लोकांनी तुमच्यासाठीच आडवा पाडून ठेवलाय — झऱ्याची वाफ इथवर लागते. फोटो काढायचे तर काढा, तेवढी बकरी सांभाळा.

न्हाणीच्या दाराशी बाळ घेऊन उभी आहे ना, ती माझी थोरली जाऊ, नेसलिहान. आज तिच्या तायलानचा चाळिसावा दिवस. आजच या ऊन पाण्यात चाळीस खडे टाकून त्याला न्हाऊ घालायचं, तेव्हा कुठं बाळावरचा धोका टळतो — सूर्य बुडाला की ते न्हाणं धरत नाहीत. राहू दे उभी.

का म्हणजे? हिला बघा, माझी एलवान. पंचेचाळीस दिवसांची वाटते? हात आहेत का काड्या? झोपली की मी नाकापुढं बोट धरून बसते, श्वास चालतोय ना म्हणून. आणि तिचा तो — लोण्याचा गोळा! दोन बाळंतिणी चाळीस दिवसांच्या आत समोरासमोर आल्या की एकीचं बाळ वाळतं, आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. आल्याच, तर तिथल्या तिथं डोक्याच्या रुमालातल्या सुया बदलायच्या, तिची मला, माझी तिला — मग काही होत नाही. नाही बदलल्या. माझ्या लेकीचं मांस तिच्या पोराच्या अंगावर चढलं!

ती आली होती का? म्हणजे — मी गेले होते. एलवानच्या विसाव्या दिवशी, अंगण ओलांडून, नुसतं बघायला, तिचं पोरगं केवढं झालंय ते. जीव राहीना. ती केवढ्यांदा ओरडली, "गुलफेम, थांब तिथंच!" आणि डोक्याच्या रुमालातली सुई काढून पुढं धरली. हो, धरली. मीच हसले. म्हटलं, जाऊबाई, मी सातवी शिकलेय, तुमच्यासारखी अडाणी नाही —

तर? तर काय झालं! मोठी ना ती? दोन लेकरं आधीची वाढवलेली ना? खोचायची होती बळजबरीनं माझ्या रुमालाला! माझं ऐकून सुई मागं घेतली — का घेतली? आता भोग म्हणावं.

ऊन उतरलं, दिसतंय मला. हाक मारतेय, "उघड गं पोरी" — पोरी म्हणे! असं बघू नका माझ्याकडं. उठा, झाले ना फोटो? जा मग. आणि जाताना तिच्याशी एक शब्द बोलू नका.